आकाशातून येणारा अनध्याय

जुन्या पाठशाळांत 'अनध्याय' नावाची एक व्यवस्था असे. अमावास्या, प्रतिपदा इत्यादी तिथींस पाठ बंद ठेवावयाचा, हा तिचा बहुतेकांस ठाऊक असलेला भाग. परंतु शास्त्रकार तिथींवरच थांबले नाहीत. धुळीचे वादळ उठले, कोल्हे ओरडू लागले, कुत्रे, गाढव वा उंट यांचा कोलाहल कानी आला, म्हणजे तेवढ्यापुरते अध्ययन थांबवावे, असेही मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात सांगितले आहे. आम्ही पाठशाळेत असताना या यादीचा अर्थ गुरुजींस विचारला होता. त्यांनी दिलेले उत्तर अगदी साधे होते. संथा कानाने घ्यावयाची असते, आणि कान गढूळ झाला की पाठ गढूळ होतो. गाढवाला दोष नाही व वेदाला विटाळ नाही; ऐकू न आलेले ऐकले असे समजून पुढे जाऊ नये, एवढाच त्या नियमाचा आशय.

या उत्तराची आठवण ठेवण्याचे प्रसंग आमच्या वाट्यास पुढे पुष्कळ आले. आम्ही शालान्त परीक्षेनंतर संस्कृताच्याच मार्गास लागलो व सुमारे तीस वर्षे पुण्याच्या ईशान्येकडील एका शाळेत तो विषय शिकविला. ती शाळा लोहगावच्या विमानतळापासून फार दूर नव्हती. सेवानिवृत्तीपूर्वीच आम्ही पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत, पिंपळे गुरव येथे एका गृहरचना संस्थेत सदनिका घेतली. शाळा सुटली म्हणजे विमानेही सुटली, असा आमच्या सौभाग्यवतींचा समज होता. तो समज पहिल्या पंधरवड्यातच दूर झाला, कारण हे घर त्याच विमानांच्या वाटेखाली आहे.

हे कसे, ते थोडे भूमितीने सांगतो. लोहगावची धावपट्टी साधारणपणे पूर्व-पश्चिम पसरलेली असून तिची लांबी सुमारे अडीच किलोमीटर आहे. तिची रेषा पश्चिमेकडे मनाने वाढविली, तर ती कळस, बोपखेल, दापोडी यांच्या बाजूने येऊन पिंपळे गुरव व कासारवाडी यांच्या दरम्यान पोहोचते. विमान उतरताना जमिनीशी सुमारे तीन अंशांचा कोन धरते. म्हणजे धावपट्टीपासून प्रत्येक किलोमीटर अंतरावर ते सुमारे बावन्न मीटर उंच असते. आमचे घर नऊ-दहा किलोमीटरांवर, तेव्हा उतरणारे विमान आमच्या गच्चीवरून पाचशे मीटरांच्या आसपास उंचीने जावयाचे. विमान वाऱ्यास तोंड देऊन उडते आणि वाऱ्यास तोंड देऊनच उतरते. त्यामुळे वारा पूर्वेचा असला की उतरणारी विमाने आमच्या माथ्यावर, आणि पश्चिमेचा असला की उडालेली विमाने आमच्या दिशेस. ऋतू बदलतो तसा नादाचा प्रकार तेवढा बदलतो.

ही झाली प्रवासी विमाने. लोहगाव हा मूळचा हवाई दलाचा तळ. मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी तो १९३९ साली इंग्रज सरकारने उभारला आणि स्वातंत्र्यानंतर तो भारतीय हवाई दलाकडे आला. सुखोई जातीची पहिली लढाऊ विमाने १९९७ साली येथेच दाखल झाली. त्या वर्षापासूनचा त्यांचा आवाज आम्ही वर्गात उभे राहून ऐकलेला आहे. प्रवासी विमानाचा आवाज चढत येतो, शिखर गाठतो व उतरत जातो. लढाऊ विमानाचा आवाज एकदम येऊन आदळतो व खिडकीच्या तावदानांत काही वेळ थरथरत राहतो. तुकोबारायांचे आजोळ म्हणून वारकऱ्यांस ज्ञात असलेले लोहगाव आज कोणत्या नादासाठी ओळखले जाते, हा विचार मनात येतो खरा. तथापि देशाच्या सीमा ज्यांच्या पंखांखाली सुरक्षित राहतात त्यांच्याविषयी तक्रारीचा शब्द काढताना आमची जीभ अडखळते, हेही वाचकांस सांगितले पाहिजे.

वर्गात आम्ही एक नियम केला होता. विमान आले की बोलणे थांबवावयाचे, आवाज पुरता ओसरेपर्यंत थांबावयाचे, आणि तुटलेले वाक्य अर्ध्यावरून न उचलता पुन्हा आरंभापासून म्हणावयाचे. मुले या विरामास 'सरांचा अनध्याय' म्हणत. विराम वीस-पंचवीस सेकंदांचा असे. तासातून तो चार-पाच वेळा आला तरी एकंदर दोन मिनिटे गेली, त्यात मोठे काय बुडाले, असे एका सहकाऱ्यांनी विचारले होते. बुडत होता तो वेळ नव्हे. संस्कृत शिकविणाराला ते चटकन कळते, कारण आवाजात पहिला बुडतो तो विसर्ग. 'रामः' आणि 'राम' यांत प्रथमा व संबोधन एवढा भेद आहे, आणि तो भेद एका हलक्या श्वासावर अवलंबून आहे. मागच्या बाकावरील मुलास तो श्वास ऐकूच जात नसे. ते बिचारे वहीत 'राम' लिही, आणि तपासताना आम्ही ती चूक निष्काळजीपणाची धरावी की आकाशाची, असा प्रश्न पडे. मराठीतही शब्दाचा शेवट हाच दुबळा भाग. विभक्ती तेथेच असते, क्रियापदाचे लिंगवचन तेथेच असते. शेवट गेला की वाक्याचा अर्थ मुलास तर्काने भरून काढावा लागतो, आणि ज्याच्यापाशी शब्दसंग्रह थोडा त्याचा तर्क प्रथम चुकतो.

आमच्या या अनुभवास युरोपातील संशोधकांनी मापांची जोड दिली आहे. लंडनचा हीथ्रो, ॲम्स्टरडॅमचा स्किपोल व माद्रिदचा बाराखास या तीन विमानतळांभोवतालच्या ८९ शाळांतील नऊ-दहा वर्षांच्या २,८४४ मुलांची परीक्षा घेऊन २००५ साली एक अहवाल प्रसिद्ध झाला. विमानांचा आवाज जसजसा अधिक, तसतसे वाचलेल्याचे आकलन कमी, असे त्यात दिसून आले. पाच डेसिबलांच्या वाढीमागे इंग्लंडातील मूल वाचनात सुमारे दोन महिने मागे पडत होते.

त्याहून बोलका दाखला जर्मनीतील म्यूनिक शहराचा आहे. तेथील जुना विमानतळ १९९२ च्या मे महिन्यात बंद झाला व शहराबाहेर दूर नवा सुरू झाला. संशोधकांनी ही संधी साधली आणि दोन्ही ठिकाणची ३२६ मुले स्थलांतरापूर्वी एकदा व नंतर दोन वेळा तपासली. जुन्या विमानतळाजवळच्या मुलांचे वाचन व स्मरण आवाज थांबल्यावर सुधारले, आणि नव्या विमानतळाजवळच्या मुलांचे तेच गुण आवाज सुरू झाल्यावर खालावले. एवढेच नव्हे, तर नव्या जागेच्या मुलांचा रक्तदाबही वाढलेला आढळला. सतत कान मिटून घेण्याची सवय लागलेले मूल गोंगाटाबरोबर शिक्षकाचा शब्दही बाहेरच ठेवू लागते, असा एक तर्क या विषयाच्या अभ्यासकांनी मांडला आहे. एक आशेची आणि एक काळजीची, अशा दोन्ही गोष्टी या एकाच प्रयोगात आहेत. त्यातील काळजीच्या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावयाचे आहे.

आता शाळा सोडून घराकडे वळू. आमचे चिरंजीव चाकणच्या औद्योगिक वसाहतीत, मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात नोकरीस आहेत. त्यांस आलटूनपालटून तिसरी पाळी असते. रात्रभर काम करून ते कंपनीच्या बसने साडेआठच्या सुमारास घरी येतात, न्याहारी करतात आणि खोलीचे पडदे ओढून निजतात. भोसरी, चाकण, तळवडे या पट्ट्यात अशा रीतीने दिवसा झोपणारे हजारो लोक आहेत. ध्वनिप्रदूषणाविषयीचे २००० सालचे नियम सकाळी सहा ते रात्री दहा यास दिवस म्हणतात व उरलेल्या आठ तासांस रात्र. निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा त्यांत घातलेली आहे. सर्वसामान्य गावास हा हिशेब ठीकच आहे. परंतु ज्या नगरीचे पोट तीन पाळ्यांवर चालते, तिच्यातील तिसऱ्या पाळीच्या मनुष्याची रात्र सकाळी नऊला सुरू होते, आणि त्या रात्रीस कायद्याचे कोणतेच संरक्षण नाही.

गेल्या वर्षी नेहमीच्या तपासणीत चिरंजीवांचा रक्तदाब वाढलेला निघाला. त्यांचे वय अवघे एक्केचाळीस. यास विमानेच कारण, असे आम्ही म्हणत नाही. पाळ्यांची नोकरी, बसचा प्रवास, डोक्यावरील कर्ज, ही सारी कारणे जागच्या जागी आहेतच. परंतु २००८ साली युरोपातील सहा विमानतळांजवळील ४,८६१ प्रौढांच्या पाहणीत, झोपेच्या वेळचा विमानांचा आवाज दहा डेसिबलांनी वाढला असता उच्च रक्तदाबाचा संभव सुमारे १४ टक्क्यांनी अधिक आढळला, हे वाचल्यावर बापाच्या मनाला ती संख्या विसरता येत नाही. डॉक्टरांनी गोळी दिली व सांगितले, "झोप नीट घ्या." सूनबाईंनी त्यावर खिडकीला दुहेरी पडदा लावला, दाराच्या फटीत कापडाची वळकटी ठेवली. मे महिन्यात त्या खोलीचा भट्टीसारखा ताव होतो. शेवटी चिरंजीवांनी एक दिवस जेवताना विषय काढला, "अण्णा, तिसऱ्या पाळीच्या आठवड्यांपुरती चाकणला एक खोली भाड्याने घ्यावी म्हणतो." कोणी काही बोलले नाही. आमच्या सौभाग्यवतींनी वाढता वाढता ताटात एक पोळी जास्त टाकली, एवढेच.

घरात शांतता असती तर काय झाले असते, हा प्रश्न आम्हांस कल्पनेने सोडवावा लागत नाही. पुण्याने ती शांतता प्रत्यक्ष अनुभवलेली आहे. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदीमुळे देशांतील प्रवासी विमाने दोन महिने थांबली, हे सर्वांस स्मरत असेलच. पण त्या दिवसांत सारेच थांबले होते, त्यामुळे त्यातून निष्कर्ष काढणे बरोबर नाही. खरा प्रयोग पुढे झाला. लोहगावच्या धावपट्टीच्या दुरुस्तीकरिता २६ ऑक्टोबर २०२० पासून रात्री आठ ते सकाळी आठ विमाने बंद ठेवण्यात आली, आणि दुसऱ्या वर्षी १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ असे चौदा दिवस धावपट्टी पूर्णपणे मिटली. दसरा १५ तारखेस झाला आणि सोने वाटून झाल्यावर दुसऱ्या दिवसापासून आमच्या वरचे आकाश रिकामे झाले. रस्ते मात्र वाहते होते, कारखाने चालू होते, मिक्सर, कुत्री, शेजारचे बांधकाम, सर्व काही जेथल्या तेथे होते. उणे झाले होते ते फक्त विमान.

त्या चौदा दिवसांत दोन गोष्टी आम्ही पाहिल्या. चिरंजीव तिसऱ्या पाळीवरून येऊन निजले की दोन वाजेपर्यंत उठत नसत. एरवी साडेअकरालाच डोळे चोळीत बाहेर येत. आणि नात, जी तेव्हा तिसरीत होती व मोबाईलच्या पडद्यावरून शिकत होती, ती शिक्षिकांस "मॅडम, परत सांगा" असे म्हणेनाशी झाली. ही एका घराची नोंद आहे, तिला शास्त्रीय सिद्धांताचे मोल नाही, हे आम्ही जाणतो. परंतु म्यूनिकच्या मुलांविषयी पुढे वाचनात आले तेव्हा ते आम्हांस परके वाटले नाही. तिसाव्या तारखेस सकाळी पहिले विमान गेले. नातीने कानांवर हात ठेवले व म्हणाली, "आजोबा, आले परत."

यावर कोणी म्हणेल, आवाज मोजा आणि मर्यादेबाहेर असेल तर दाद मागा. येथेच खरी गुंतागुंत आहे. आवाज मोजतात तो बहुधा सरासरीने. समजा, एखाद्या घरावरून दिवसाच्या सोळा तासांत पन्नास विमाने गेली व प्रत्येकाने वीस सेकंद ८० डेसिबलांचा आवाज केला. सर्व मिळून हजार सेकंद, म्हणजे सतरा मिनिटेदेखील नव्हेत. ऊर्जेच्या हिशेबाने त्या दिवसाची सरासरी ६२-६३ डेसिबल भरते. २००० सालच्या नियमाप्रमाणे निवासी घरास हे अधिक झाले, कारण तेथे मर्यादा ५५ आहे. परंतु विमानतळाच्या परिसरासाठी केंद्र सरकारने २०१८ साली वेगळी अधिसूचना काढली. तीत गजबजलेल्या विमानतळांस दिवसा ७० व रात्री ६५, आणि इतरांस दिवसा ६५ व रात्री ६० अशी मर्यादा दिली आहे. या मापाने तेच घर निर्दोष ठरते. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी युरोपाकरिता दिलेल्या मार्गदर्शनात विमानांचा आवाज दिवसरात्रीच्या भारित सरासरीने ४५ व रात्री ४० डेसिबलांच्या आत ठेवण्याची शिफारस केली आहे. शाळेभोवतालच्या शंभर मीटरांत मोटारीचा कर्णा वाजविण्यास मनाई आहे, आणि वर, पाचशे मीटरांवर, निराळा न्याय आहे. शिवाय सरासरी हा हिशेबच असा आहे की झोपेतून दचकून उठलेल्या मनुष्यास तो तू दिवसभरात सरासरीने निजलेलाच होतास असे सांगतो.

दुसरा आक्षेप अधिक सबळ आहे. विमानतळ आधी की घरे आधी? लोहगावचा तळ १९३९ चा. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली निघाला, औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले, पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका १९८२ सालची, आणि २०११ च्या जनगणनेत तिची वस्ती सतरा लाखांवर गेली. आमची पिंपळे गुरवची इमारत तर या शतकातली. तेव्हा विमानाखाली आम्ही येऊन राहिलो, विमान आमच्यावर आले नाही, हे खरेच. परंतु घर विकत देताना आम्हांस पाण्याची वेळ सांगितली, वाहनतळ दाखविला, पूर्वेचा प्रकाश दाखविला. आकाशातील या वाटेचा शब्दही कोणी काढला नाही, आणि घर दाखविण्यास आम्हांस नेले ती वेळ नेमकी दुपारची निवांत होती. विमानतळाच्या परिसरात इमारत बांधावयाची तर तिची उंची विमानास अडथळा करणार नाही असा दाखला घ्यावा लागतो. हे सर्वथा योग्यच आहे. विमानास घराचा अडथळा होऊ नये म्हणून जसा कागद लागतो, तसा घरास विमानाचा उपद्रव किती होईल हे सांगणारा कागदही खरेदीखताबरोबर असावा, एवढेच आमचे म्हणणे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या संस्थेची या विषयावर सभा भरली. शेजारच्या चार संस्थांसह सरकारकडे अर्ज करावयाचे ठरले. मसुदा तयार होऊन सह्यांसाठी आमच्याकडे आला, गुरुजी म्हणून पहिली सही आमची असावी असा मंडळींचा आग्रह. मसुद्यात एकच मागणी होती: नवा विमानतळ लवकर पुरा करून सर्व प्रवासी विमाने तिकडे न्यावीत. आम्ही सही केली नाही.

कारण सांगितले पाहिजे. नव्या विमानतळाची कथा आमच्या या भागात जुनी आहे. तो प्रथम चाकणजवळ, खेड तालुक्यात व्हावयाचा होता. कारखानदारीस ते सोयीचे होते. परंतु तेथील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला, जागा बदलत गेल्या, आणि २०१६ साली चाकणचा विचार मागे पडून पुरंदर तालुक्यातील पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी व उदाचीवाडी या सात गावांची निवड झाली. अंजिराच्या व सीताफळांच्या बागांचा हा मुलूख. तेथेही विरोध झाला. २०२५ च्या मे महिन्यात ड्रोनने मोजणी करण्यास गेलेली माणसे, पोलीस व गावकरी यांत संघर्ष झाला. पुढे पुष्कळांनी संमतिपत्रे दिली, तो भाग निराळा. खेड तालुक्यात आमचे एक माजी विद्यार्थी कांद्याची शेती करतात. त्या काळी ते आंदोलनात होते. आम्ही त्यांस एकदा विचारले, जमिनीचा भाव चांगला मिळत असता विरोध कशास? ते म्हणाले, "गुरुजी, जमीन गेली तर पैसे मिळतील. पण ज्याची जमीन जात नाही, नुसते घर शेजारी राहते, त्याला काय मिळणार? त्याच्या वाट्याला आवाजच ना?"

म्यूनिकच्या प्रयोगातील काळजीची गोष्ट म्हणतो ती हीच. जुन्या जागेची मुले सुधारली आणि नव्या जागेची बिघडली. विमानतळाबरोबर आवाजही गाव बदलतो, त्याचा लोप होत नाही. आमच्या नातीच्या कानातून तो काढून पारगावच्या एखाद्या नातीच्या कानात घालावा, एवढीच मागणी करणारा कागद आमच्या सहीने जाऊ नये असे आम्हांस वाटले. शिवाय प्रवासी विमाने गेली तरी हवाई दलाचा तळ लोहगावीच राहील, हेही उघड आहे.

सभेत आम्ही हे बोललो तेव्हा एक गृहस्थ उठून म्हणाले, "गुरुजी, तुमचा मुलगा झोपत नाही, आणि तुम्ही पुरंदरची काळजी करता?" बोल लागला. चिरंजीव मागच्या खुर्चीवर बसलेले होते. त्यांनी मान खाली घातली. आम्ही उत्तर दिले की मुलगा झोपावा म्हणूनच हे बोलतो आहोत, कारण नवा विमानतळ होईपर्यंत वर्षे जातील आणि झोप तर उद्या सकाळी हवी आहे. मग दोन बैठका झाल्या व मसुदा बदलला. त्यात आता चार मागण्या आहेत. विमानांच्या वाटेखालील वस्त्यांत आवाज मोजणारी यंत्रे कायमची बसवावीत, आणि सरासरीबरोबर प्रत्येक विमानाचा कमाल आवाजही लोकांस पाहता येईल असा प्रसिद्ध करावा. घराच्या विक्रीपूर्वी ही माहिती खरेदीदारास लेखी द्यावी. शालान्त व उच्च माध्यमिक परीक्षांच्या वेळी लष्करी सरावाचे उड्डाण, देशाच्या निकडीस बाध न येता जेवढे टाळता येईल तेवढे टाळावे. आणि नवा विमानतळ कोठेही झाला तरी त्याच्या भोवती घरे उभी राहण्यापूर्वी आवाजाच्या रेषा नकाशावर आखून तेथे निवासास परवानगीच देऊ नये. फ्रँकफुर्टच्या विमानतळावर २०११ पासून रात्री अकरा ते पहाटे पाच नियमित विमाने बंद आहेत, हा दाखलाही जोडला आहे. खाली आमची सही आहे. त्या दिवशी उठून बोललेल्या गृहस्थांनी मात्र ती केली नाही, आणि आता जिन्यात भेटले असता ते आमच्याशी थोडक्यात बोलतात.

परदेशात अशा घरांस जाड दुहेरी काचा बसवून देतात असे वाचतो. तो उपाय तेथील हवेस मानवतो. आमचे घर खिडकीने श्वास घेते. गॅलरीत वाळवण असते, तुळस असते, शेजारणीशी बोलणे असते. चार महिने सोडले तर खिडकी लावून बसणे आमच्या प्रकृतीस व खिशास दोन्हींस परवडत नाही. म्हणून आमच्याकडे खरा उपाय घर बांधण्यापूर्वीचा आहे, नंतरचा नव्हे.

जुन्या अनध्यायात एक शहाणपण होते, ते आम्हांस अलीकडे अधिक दिसू लागले आहे. त्या नियमाने कोल्ह्याचे ओरडणे बंद होत नसे. परंतु गोंगाट आहे हे मान्य केले जाई, त्याचे नाव घेतले जाई, आणि त्या वेळी न शिकल्याचा दोष विद्यार्थ्याच्या माथी येत नसे. आमच्या डोक्यावरील आवाजास अद्याप हीच मान्यता मिळालेली नाही. मुलाने चुकीचे लिहिले तर तो निष्काळजी, कामगार चिडचिडा झाला तर तो तापट, म्हातारा दचकला तर तो वयाचा परिणाम.

चिरंजीवांनी चाकणला खोली घेतली आहे. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यांत ते तिकडे राहतात, डबा सकाळच्या बसबरोबर जातो. तेथे ट्रकांची वर्दळ आहे, पण ती सारखी असते, तिने झोप मोडत नाही असे ते म्हणतात. रक्तदाब पुन्हा मोजावयाचा आहे. अर्जाची पोच आली आहे, उत्तर यावयाचे आहे.

ज्या वाचकांच्या घरी मुलांच्या लग्नाच्या वा निवृत्तीच्या निमित्ताने नवे घर घेण्याचे चालले असेल, त्यांस एक विनंती करून हा लेख संपवितो. घर पाहावयास एकदा सकाळी जा, एकदा रात्री जा, आणि पावसाळ्यात पाहिले असेल तर हिवाळ्यातही एकदा पाहून या, कारण वारा फिरला की विमानांची वाट फिरते. बरोबर घरातील लहान मूल न्या. त्यास खोलीच्या एका टोकास उभे करून दुसऱ्या टोकाकडून नेहमीच्या आवाजात एक वाक्य सांगा, आणि ते मुलाने जसेच्या तसे परत म्हटले, शेवटच्या अक्षरासह म्हटले, तरच बयाण्याची रक्कम द्या.